पेट्रोलचं झाकण अडलंय ना? मग ऐक

अगं, काल आई फोनवर होती म्हणून मी विषय काढला नाही. तिला आधीच तुझ्या गाडीचं कौतुक बेताचंच. “दोनच सीटा? मग आम्ही आलो की बसायचं कुठे?” हे तिचं पालुपद अजून चालूच आहे. त्यात झाकणाचं कळलं असतं, तर बाबांनी कॅमरीचं पुराण लावलं असतं. तेव्हा हे आपल्या दोघींतच राहू दे.

आधी लाजणं सोड. न्यू जर्सीत कायद्यानं आपलं पेट्रोल आपण भरायचं नाही, 1949पासून. म्हणून तिथे ही फजिती चारचौघांसमोर होते. पंपावरचा माणूस काचेवर टकटक करतो, तू आतला खटका ओढतेस, मागे हॉर्न वाजायला लागतात आणि झाकण ढिम्म हलत नाही. मग तो बिचारा चांगुलपणानंच खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतो. तिथे मात्र स्पष्ट नाही म्हण, वाईटपणा आला तरी चालेल. 1991ची मियाटा आहे ती. कडेचा रंग उडाला आणि पत्रा वाकला, की झाकणापेक्षा रंगाऱ्याचंच बिल मोठं होतं. तुझ्या नवऱ्यालाही हेच सांग. पुरुषांना अडलेली वस्तू दिसली की आधी जोर आठवतो.

आता घरी, दारात गाडी लावून निवांत बघ. खटका सीटांच्या मधल्या खणात आहे. त्या खणाला कुलूप आहे ते उगीच नाही. कापडी छत कुणीही ब्लेडनं फाडू शकतो, म्हणून पेट्रोलचा खटका कुलपाआड. तिथून एक केबल मागे, डाव्या चाकाच्या वर झाकणापर्यंत जाते आणि तिथली छोटी खिट्टी मागे ओढते. खिट्टी सुटली की बिजागरीजवळची स्प्रिंग झाकण जरासं बाहेर ढकलते. सगळं यंत्र एवढंच. ओढ कुठे हरवतेय ते शोधलं, की अर्धं काम झालं.

ते तुझ्या बोटांनाच कळेल. खटका सैल लागला, ओढला तरी काहीच ताण जाणवला नाही, तर केबल तुटलीय किंवा टोकातून निसटलीय. हलतच नसेल तर केबल तिच्या नळीत गंजलीय किंवा खिट्टी जाम आहे. तिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, त्याचीच ही कृपा. पण बहुतेकदा काय होतं सांगू? खटका नेहमीसारखा ओढला जातो, मागे बारीक ‘टक’ ऐकू येतं, आणि झाकण तरी जागचं हलत नाही. म्हणजे खिट्टी सुटते, पण ढकलणारी स्प्रिंग दमलीय, किंवा कडेला जुनं पॉलिश आणि धूळ बसून झाकण चिकटलंय.

त्याला उपाय दोन माणसांचा. एकानं आत बसून खटका ओढून तसाच धरायचा, सोडायचा नाही. दुसऱ्यानं झाकणावर तळहात सपाट ठेवून ते आधी आत दाबायचं आणि मग सोडायचं. हो, आतच. उघडायचंय म्हणून आपण बाहेर ओढत राहतो, आणि त्यानं झाकणाचा सगळा भार खिट्टीवर येऊन ती आणखी घट्ट बसते. आत दाबलं की तिच्यावरचा भार जातो आणि ती सुटते. तरीही आलं नाही, तर कडेच्या रंगावर मास्किंग टेप लाव आणि फटीत वाचनालयाचं जुनं कार्ड सरकव. क्रेडिट कार्ड नको, पट्टी खराब होईल.

केबलच गेली असेल तर गिअरचा नॉब फिरवून काढ, स्क्रू सोडव आणि मधला कन्सोल उचल. केबलचं टोक दिसलं की पक्कडीत धरून हलक्या हातानं ओढ. मागे तुटलेली नसेल तर झाकण उघडेल, निदान त्या दिवसाची टाकी भरेल. स्क्रू डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेव, त्यांची लांबी सारखी नसते.

बर्फानं गोठलं असेल तर गरम पाणी ओतू नकोस, तेच पाणी पुन्हा गोठतं. कुलपाचा बर्फ वितळवायचा स्प्रे मिळतो, तो मार. आणि लायटर, हीट गन वगैरे त्या बाजूला फिरकूही देऊ नकोस. पेट्रोल आहे ते.

एकदा उघडलं की लगेच बंद करायची घाई नको. आतली वाटी पूस, पाणी निचरायचं भोक तुंबलेलं असेल तर मोकळं कर. साचलेलं पाणीच खिट्टीला गंज चढवतं. गंजावर डब्ल्यूडी-40 मार, पण त्यावर थांबू नकोस. ते गंज सोडवतं, वंगण म्हणून फार टिकत नाही. पुसून घेऊन वर थोडं पांढरं लिथियम ग्रीस लाव, बिजागरीलाही. मग झाकण उघडंच ठेवून कुणाला तरी खटका ओढायला सांग आणि खिट्टी पूर्ण मागे जाते का ते डोळ्यांनी बघ.

गॅरेजवाल्याकडे जावंच लागलं, तर ‘झाकण उघडत नाही’ म्हणू नकोस. ‘खटक्याला ताण आहे, टक ऐकू येतं, झाकण बाहेर येत नाही’ असं सांग. एवढ्यानंच तो तुला गुंडाळायला कचरेल. काढलेला जुना भाग मागून घे. आणि तुझ्या ऑफिसातल्या त्या बॉक्स्टरवाल्याचा सल्ला ऐकू नकोस. त्याचं झाकण पुढच्या उजव्या मडगार्डवर, सेंट्रल लॉकिंगला जोडलेलं. ते अडलं तर उजव्या दाराच्या फटीतली कडी ओढायची असते. तशी कडी तू मियाटात शोधत बसशील.

तोवर 45 लिटरची टाकी अर्ध्यावर आली की भरत जा. झाकण पुन्हा हटून बसलंच, तर घरी पोचून ते शांतपणे बघण्याइतकं पेट्रोल तरी राहील.