अंडाशयाचा कर्करोग उलटल्यास : उपचारांना प्रतिसाद आणि आयुर्मान

आमच्या रुग्ण-साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत अंडाशयाचा कर्करोग पुन्हा उद्भवलेल्या भगिनींचेही अर्ज असतात. ‘औषध लागू पडेल का?’ आणि ‘आयुष्य वाढेल का?’ हे दोन प्रश्न नातेवाईक एकाच श्वासात विचारतात. त्यांची उत्तरे मात्र भिन्न असू शकतात. दाते व कुटुंबीय यांना हा भेद ज्ञात व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गाठ लहान होणे म्हणजे प्रतिसाद. तो मिळण्याची शक्यता मुख्यतः प्लॅटिनमवर्गीय औषधाची शेवटची मात्रा आणि रोग उलटणे यांमधील अंतरावर अवलंबून असते. हे अंतर सहा महिन्यांहून अधिक असल्यास तेच औषध पुन्हा उपयोगी पडू शकते. अशा ८०२ स्त्रियांच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात प्लॅटिनमला पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान २४ ऐवजी २९ महिने आढळले. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्ण त्याहून अधिक काळ जगल्या.

अंतर सहा महिन्यांहून कमी असल्यास चित्र बदलते. २०१४ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना केमोथेरपीसोबत बेव्हासिझुमॅब दिल्यावर प्रतिसादाचे प्रमाण सुमारे १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. परंतु आयुर्मानातील फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक ठरला नाही.

रक्तातील सीए-१२५ चा आकडा वाढताच कुटुंबे हवालदिल होतात, प्रसंगी दागिने गहाण टाकतात. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५२९ स्त्रियांपैकी काहींना आकडा वाढताच, तर इतरांना रोगाची चिन्हे दिसल्यावर केमोथेरपी दिली गेली. मध्यक आयुर्मान अनुक्रमे २५.७ व २७.१ महिने, म्हणजे जवळपास सारखेच होते. लवकर उपचार घेतलेल्यांच्या जीवनमानाची घसरण मात्र आधी सुरू झाली.

याचा अर्थ तपासणी टाळावी असा मुळीच नाही. पोट फुगणे, दुखणे, अन्न न जाणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे यावे. प्रत्येक नव्या उपचारापूर्वी मात्र अवश्य विचारावे : यातून गाठ कमी होईल, आयुष्य वाढेल, की त्रास हलका होईल?

पोटातील पाणी काढणे, वेदनाशमन, सकस आहार यांवरील खर्च हाही उपचारच होय. आपल्या देणगीचा विनियोग करताना आम्ही त्यास दुय्यम मानत नाही. आपणही मानू नये, ही नम्र विनंती.