उशिरा येणाऱ्यांचा हिशेब

मित्रांनो, पहिल्या लेक्चरला उशिरा पोचणाऱ्या होस्टेलकरांना कोणी विचारत नाही. पण अणुभट्टी ताब्यात राहते ती उशिरा येणाऱ्यांच्याच जिवावर! हे मला कळले व्हायव्हात. मी ठोकून दिले, "युरेनियम-२३५ च्या विखंडनात विलंबित न्यूट्रॉन फक्त ०.६५ टक्के असतात, सोडून दिले तरी चालतील." परीक्षक हसले. म्हणाले, "मग एका सेकंदाचा हिशेब करा."

समजा, न्यूट्रॉनची एक पिढी ०.०००१ सेकंदाची आणि दर पिढीला वाढ ०.१ टक्का. सेकंदात १०,००० पिढ्या, म्हणजे न्यूट्रॉन सुमारे २२,००० पट! कंट्रोल रॉड हलवायला वेळ कुठला? आता विलंबित न्यूट्रॉन धरा. ते सरासरी १३ सेकंद उशिरा येतात. ०.००६५ गुणिले १३, म्हणजे पिढीचा सरासरी काळ सुमारे ०.०८५ सेकंद. ढोबळमानाने वाढ सेकंदाला फक्त १.२ टक्के. मी गप्प!

हे न्यूट्रॉन १९३९ साली वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांना सापडले. युरेनियमवरचा मारा थांबवला तरी काही सेकंद न्यूट्रॉन येतच होते.

उशीर का होतो? ब्रोमिन-८७ चे उदाहरण घ्या. विखंडनातून निघालेल्या या केंद्रकाचे अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. बीटा क्षय होऊन त्याचे क्रिप्टॉन-८७ होते. त्यात न्यूट्रॉन ५१. पन्नासाचे घर भरलेले आणि वरचा एक सैलसर. केंद्रकाला पुरेशी ऊर्जा मिळाली असेल तर तो लगेच सुटतो आणि क्रिप्टॉन-८६ उरते. म्हणजे उशीर न्यूट्रॉनचा नाही, आधीच्या बीटा क्षयाचा!

असे दर शंभर क्षयांत साधारण अडीच वेळा घडते. हे मोजायचे कसे? न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे तो सरळ सापडत नाही. म्हणून नमुन्याभोवती पॉलिथिनचा जाड ठोकळा ठेवतात. त्यातल्या हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन मंदावतो आणि ठोकळ्यात बसवलेल्या हेलियम-३ च्या नळीत शिरतो. तिथे प्रोटॉन आणि ट्रिटियमचे केंद्रक तयार होऊन ७६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. नळीतून पल्स मिळतो. शेजारचा दुसरा डिटेक्टर बीटा कण मोजतो.

इथेच चूक होते बरं का! समजा १,००० क्षयांमागे १० पल्स मिळाले. उत्तर १ टक्का? नाही. उपकरण १०० पैकी ४० च न्यूट्रॉन पकडत असेल, तर खरे न्यूट्रॉन २५, म्हणजे २.५ टक्के. शिवाय ही पकड न्यूट्रॉनच्या ऊर्जेप्रमाणे बदलते. म्हणून नळ्या नमुन्यापासून वेगवेगळ्या अंतरावर, कडी करून बसवतात. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या 'ब्रिकेन' प्रयोगात अशा तब्बल १४० नळ्या होत्या.

तेव्हा दोस्तांनो, टक्का लहान दिसला म्हणून खोडू नका. आधी त्याला वेळेने गुणून बघा!