स्नायूंचे श्रम आणि विश्रांती

विळा चालविणारा हात असो वा फळ्यावर लिहिणारा, त्यामागील यंत्रणा एकच असते. मानवी शरीरात सहाशेहून अधिक अस्थिस्नायू असून ते कंडरांच्या साहाय्याने हाडांना जोडलेले असतात. स्नायूला केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून स्नायू बहुधा जोडीने कार्य करतात. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिर स्नायू आकुंचन पावला की हात कोपरात वाकतो, तर मागील त्रिशिर स्नायू आकुंचन पावला की तो सरळ होतो.

आकुंचन कसे होते?

स्नायू म्हणजे असंख्य तंतूंचा जुडगा होय. प्रत्येक तंतूत मायोसीन या प्रथिनाचे जाड व ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे सुव्यवस्थितपणे रचलेले असतात. १९५४ साली ए. एफ. हक्सली व आर. नीडरगर्के, तसेच एच. ई. हक्सली व जीन हॅन्सन या संशोधकांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की, आकुंचनाच्या वेळी या धाग्यांची लांबी बदलत नाही. बारीक धागे जाड धाग्यांच्या मधून सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून आत सरकविली असता ही क्रिया विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येईल.

मेंदूचा संदेश मज्जातंतूंद्वारे स्नायूपर्यंत पोहोचताच तंतूतील साठ्यातून कॅल्शियम मुक्त होते व ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा खुल्या होतात. मायोसीनची सूक्ष्म डोकी तेथे चिकटतात, वाकतात व ॲक्टिनला ओढून घेतात.

सैल होण्यासही ऊर्जा हवी

या क्रियेस लागणारी ऊर्जा ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या संयुगापासून मिळते. विशेष म्हणजे धरलेली पकड सोडण्यासाठी आणि कॅल्शियम पुन्हा साठ्यात नेण्यासाठीही हेच संयुग लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठर होते, त्याचे कारण हेच. संयुग संपते आणि पकड सुटत नाही. स्नायूतील याचा तयार साठा जोरदार श्रमात काही सेकंदच पुरतो. पुढे अन्नातील शर्करा व स्निग्ध पदार्थ आणि श्वासातील प्राणवायू यांच्या आधारे ते सतत तयार करावे लागते.

श्रमात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. ही उष्णता घामावाटे बाहेर टाकताना शरीरातील पाणी व क्षार कमी होतात. भर उन्हात माती खोदणाऱ्या मजुरावर आतली व बाहेरची अशी दुहेरी उष्णता येते. ती बाहेर पडली नाही तर उष्माघाताने मृत्यूही ओढवू शकतो.

कामावर देखरेख करणारे अधिकारी व पंचायत सदस्य यांनी म्हणूनच हे ध्यानी घ्यावे की, पिण्याचे पाणी, सावली आणि मधली सुटी या मजुरांना दिलेल्या सवलती नव्हेत. श्रम करणाऱ्या शरीराच्या त्या मूलभूत गरजा आहेत. उन्हाळ्यात अवजड कामे सकाळच्या थंड वेळी उरकून घेणे श्रेयस्कर होय.