गोटा झिजून गोल, खडा वाढून गोल

नदीतला गोटा गोल असतो. तो पाण्याबरोबर घरंगळतो, आपटतो, झिजतो. पण काळ्या रानात विहीर खणताना चुनखडीचे खडे निघतात, त्यांचे काय? तेही गोल, पण ते झिजून नव्हे, वाढून गोल झालेले असतात.

संक्रांतीचा हलवा आठवा. तिळावर थोडाथोडा पाक घालायचा. तो सुकला की पुन्हा घालायचा. पुटावर पूट चढते आणि दाणा फुगतो. चुनखडीचे तसेच आहे.

जुन्नर-आंबेगावचा डोंगर काळ्या फत्तराचा. या फत्तरातच चुन्याचा अंश असतो. दिसत नाही, पण असतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. पिकांची मुळे श्वास घेतात, त्यांचा कर्बवायू त्या पाण्यात मिसळतो. पाणी किंचित आंबट होते आणि दगडमातीतला चुना विरघळवून खाली नेते. उन्हाळ्यात ओल उडाली की चुना मागे राहतो. एखाद्या कणाभोवती, कुजलेल्या मुळाभोवती तो बसतो. पुढच्या साली आणखी एक पूट. खडा मोठा व्हायला शेकडो, हजारो वर्षे लागतात!

हलवा परातीत सारखा हलवतात. जमिनीतला खडा मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो ओबडधोबड राहतो. उथळ, उबदार समुद्रात लाटा कणांना लोळवतात. तिथले चुन्याचे कण मोत्यासारखे गोल होतात. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी असे कण सापडले आहेत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी खाली होती आणि तिथे पाणी उथळ होते, तेव्हाचे ते.

आता एक गंमत पाहा. नाणेघाट, आहुपे इकडे हे खडे सहसा मिळत नाहीत. तिथे पाऊस इतका, की चुना धुऊन जातो. माती तांबडी होते. बेल्हे, धामणी इकडे पाऊस थोडा. चुना वाहून जात नाही, तिथेच साठतो. फत्तर एकच, पण पावसाने दोन तऱ्हा केल्या.

पूर्वी हेच खडे भट्टीत भाजून चुना करीत. वाडे, विहिरी त्यात बांधल्या. पण पिकाला हा चुना जास्त झाला तर बाधतो. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला केवडा म्हणतात. रान सपाट करताना वरची माती खरवडली, की खालची चुनखडी वर येते. मग दोष बियाण्याला देतात!

म्हणून यंत्र लावण्याआधी दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्या. पांढरे खडे किती खोलीवर लागतात ते पाहा. शंका वाटली तर खडा कुटून त्यावर लिंबू पिळा; बुडबुडे आले तर चुना आहे. थर उथळ असेल तर तिथली माती काढू नका. शेणखत घाला, ताग गाडा. केवडा पडलाच, तर हिराकशीची फवारणी किती करावी हे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून मगच करा.