चिठ्ठी लागत नाही, तरी मागून घ्या

प्रश्न : आम्ही रावेतला राहतो. सासरे मावळातल्या गावी एकटेच असतात. गेले काही महिने त्यांची झोप उडाली आहे, जेवण तुटलंय, छातीत धडधडतं म्हणतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं. आता ते म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी चिठ्ठी लागते का? गावाकडे अशी सोय असते का?
– एक वाचक, रावेत

उत्तर : सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत थेट जाता येतं, चिठ्ठीची सक्ती नाही. तरीही ती मागून घ्याच. लेटरहेडवर नुसतं ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ एवढंच असेल, तर पुढच्या डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. त्याच तपासण्या पुन्हा होतात, आणि गावाकडचा माणूस दुसऱ्या खेपेला यायला कंटाळतो. त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, वजन उतरलं का, बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, थायरॉईड आणि बी-१२ पाहिलं का, दारू आहे का, हे सगळं चिठ्ठीत हवं. ‘आता जगून काय करायचं’ असं ते बोलतात का, हेही हवं. डॉक्टरांनी ते त्यांना एकांतात, सरळ विचारावं. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो.

तुम्हाला जवळ पडेल ते पिंपरीचं वायसीएम रुग्णालय, नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय. गावासाठी १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात त्याचं पथक असतं आणि ते बाहेरगावच्या सरकारी दवाखान्यांतही ओपीडी घेतं. तुमच्या तालुक्यात पथक कुठे आणि कधी येतं, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. पहिली भेट इथे, पुढचं औषधपाणी गावाजवळ, असं जमलं तर सासऱ्यांची ओढाताण वाचेल.

मात्र फॅमिली डॉक्टरांना सोडू नका. गोव्यात ‘संगत’ संस्थेने अशाच मानसिक त्रासांसाठी सरकारी केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे प्रशिक्षित समुपदेशक नेमून पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांतले रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. खासगी डॉक्टरांकडे फारसा फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही बऱ्यापैकी सुधारत होते. ओळखीच्या डॉक्टरांचा आधार किती मोठा असतो, हे मला तरी यातून दिसतं. म्हणून तज्ज्ञांकडूनही उलट चिठ्ठी मागा, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना गोळ्यांवर लक्ष ठेवता येईल.

‘वेड्यांच्या इस्पितळात टाकतील’ ही भीती सासऱ्यांना असेल, तर समजावून सांगा. बहुतेकांचे उपचार ओपीडीतच होतात, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

मरणाची भाषा ऐकलीत, तर मात्र चिठ्ठीची वाट पाहू नका. त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो आजच सासऱ्यांच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये जतन करा.