बाळाची लस चुकते कोठे?

मागच्या महिन्यात एका अंगणवाडीत पालकसभेसाठी गेलो होतो. सभा संपल्यावर गावातील एका शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टर, सरकार लस फुकट देते, गावात आणून देते, तरी काही मुले राहतातच. हा आईबापांचा अडाणीपणाच नाही का?" हा प्रश्न नवा नाही. सरकारी नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही असेच म्हणत असे. माझे मत कसे बदलले, ते आज सांगतो.

१९९४ साली मी बीड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे ते दिवस. दुपारी, लसीकरण जवळजवळ आटोपल्यावर, एक बाई नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. कार्डावर बीसीजी, त्रिगुणी आणि पोलिओचे सर्व डोस नोंदलेले होते. राहिली होती फक्त गोवराची लस. मुलीचे नाक वाहत होते. गोवर लसीची नवी कुपी फोडली असती तर एका बाळासाठी बाकीचे डोस वाया गेले असते. मी म्हणालो, "बाई, सर्दी बरी होऊ द्या. पुढच्या वेळी या." ती म्हणाली, "परवा गाडी निघती हो आमची." मी "मग तिकडेच टोचून घ्या" असे म्हणून रजिस्टर मिटले.

गळिताचा हंगाम संपवून एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा मुलगी बरोबर नव्हती. उसाच्या फडावर कोप्यांमध्ये गोवराची साथ आली, मुलीला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला. बाई स्वतःच्या अंगावरचे दुखणे दाखवायला आली होती. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते कार्ड मात्र तिने अजून जपून ठेवले होते. त्यावर गोवराचा रकाना कोरा होता.

आता सांगा, यात अडाणी कोण?

सुरुवात होते, शेवट होत नाही

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांची पाहणी झाली. देशात शंभरातील ९५ मुलांना बीसीजी मिळाली होती, पण मूलभूत लसी पूर्ण झालेली मुले ७६ च होती. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ६२ होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे. पण ९५ आणि ७६ यांतील अंतर पाहा. या मुलांच्या आईबापांनी लसीला नकार दिलेला नाही. त्यांनी पहिली लस घेतली आणि पुढे कोठेतरी वाट तुटली. ही वाट कोठे तुटते, हे मी अनेक घरांत बसून विचारले आहे.

माहेर आणि सासर यांच्या मध्ये

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. बाळाची नोंद माहेरच्या उपकेंद्रात होते, पहिले डोसही तेथेच मिळतात. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ सासरी येते. माहेरची आरोग्यसेविका समजते, बाळ गेले. सासरच्या आशाताईंच्या यादीत बाळाचे नावच नसते. दोन गावांच्या मध्ये बाळ हरवते. यावर उपाय साधा आहे: सासरी आल्यावर आठ दिवसांत कार्ड घेऊन अंगणवाडीत जावे आणि नाव लावून घ्यावे.

पोटासाठी फिरणारी कुटुंबे

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे निघण्याचा दिवस आईच्या हातात नसतो. तान्ही बाळे बरोबरच जातात. वीटभट्टीवरच्या आणि बांधकामावरच्या कुटुंबांचेही तेच. अशा मातांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सरकारी लस कोणत्याही गावी, कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. त्या गावचे रहिवासी असण्याची अट नाही. निघण्यापूर्वी मात्र कार्ड दाखवून, जी लस देय झाली असेल ती घेऊनच निघावे.

बुडणारी मजुरी आणि घरातील भीती

लसीकरण बहुधा सकाळी सुरू होते आणि शेतावरची हजेरीही सकाळीच असते. त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय रात्री बाळाला ताप येतो, ते रडते, दुसरा दिवसही जातो. मग सासूबाई म्हणतात, "चांगल्या लेकराला आजारी कशाला पाडायचं?" त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले असते, म्हणून त्यावर हसू नये. सहाव्या आठवड्यात दिल्या जाणाऱ्या पंचगुणी लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडीवर सूज किंवा लहान गाठ येणे हे नेहमीचे आहे. डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. गाठ चोळू नये, तिच्यावर काही लावू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन त्याची खूण राहते, तेही अपेक्षितच आहे. ही माहिती टोचण्यापूर्वी मिळाली तर आई पुढच्या डोसला येते. रात्री अचानक ताप पाहून घाबरलेली आई येत नाही.

दोन जुने गैरसमज

पहिला: "रविवारी पोलिओ पाजला, झाले." पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे फार मोठे यश आहे. पण ते दोन थेंब फक्त पोलिओपासून वाचवतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, गोवर यांच्या लसी वेगळ्या आहेत आणि त्यासाठी केंद्रावर जावेच लागते.

दुसरा: "गोवर येऊन जातोच." गोवर येतो, पण मागे न्यूमोनिया, जुलाब, कानाचे आणि डोळ्यांचे विकार ठेवून जातो, कुपोषित बाळाला तर घेऊनही जातो. गोवराइतके वेगाने पसरणारे आजार थोडेच आहेत. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. म्हणून शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ थांबते. कोविडच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची मोठी साथ आली, मुले दगावली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण आढळले.

आमच्याकडून होणाऱ्या चुका

ही यादी मी मुद्दाम शेवटी ठेवलेली नाही, पण सर्वांत महत्त्वाची हीच आहे. सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब किंवा कमी वजन ही लस नाकारण्याची कारणे नाहीत. उलट अशक्त बाळाला लसीची गरज अधिक. बाळ फार आजारी असेल, दवाखान्यात ठेवण्याची वेळ आली असेल, तरच थांबावे. आणि आधीच्या डोसला तीव्र रिॲक्शन आली असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. बीसीजी आणि गोवर-रुबेला लसीची कुपी तयार केल्यापासून चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते, हे खरे. तरीही एका बाळासाठीसुद्धा कुपी फोडलीच पाहिजे. वाया गेलेल्या डोसचा हिशेब रजिस्टरात लिहिता येतो. परत पाठवलेल्या बाळाचा हिशेब कोठे लिहिणार?

चुकली असेल तर काय करावे?

अनेक माता रागावणी बसेल म्हणून येतच नाहीत. मातांनो, उशीर झाला म्हणून लस संपत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. राहिलेले डोस योग्य अंतराने पुढे देता येतात. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिन्यांना आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. राहिली तर पाच वर्षांपर्यंत देतात. पंचगुणीची सुरुवात एक वर्षाच्या आत व्हावी. त्यापुढे त्रिगुणी देता येते. कार्ड हरवले असले तरी बाळाला घेऊन या. नोंद शोधण्याचे काम आमचे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा: बाळाचे कार्ड काढा आणि कोरा रकाना आहे का ते पाहा. घरात बाळ नसेल तर शेजारी विचारा, शेतावर काम करणाऱ्या बायकांना विचारा. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी आपल्या गावातील एकाही बाळाच्या कार्डावर तो रकाना कोरा राहू नये. त्या बाईला मी "पुढच्या वेळी या" म्हणालो होतो. तुमच्या दारातून कोणालाही तसे परत जाऊ देऊ नका.