ईस्टरनंतर नेम का मोडतो?

प्रश्न : लेंटमध्ये शास्त्रवाचन, प्रार्थना, उपास सगळं नीट चालतं. ईस्टर झाला की आठवड्यात घडी विस्कटते. काय करावं? – एक वाचक, म्हसवड

उत्तर : मुळात तुम्ही लेंटमध्येच झेपेल त्याहून जास्त अंगावर घेता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपासात धरत नाहीत. विसावा या शिस्तीतच आहे, तो घ्या. आणि माणदेशच्या उन्हात रानात राबणाऱ्यानं निर्जळी उपास करूच नये.

ईस्टरनंतर एकच नेम ठेवा. सकाळी चहाचं आधण चढवलं की एक स्तोत्र, मोठ्यानं. स्तोत्रं १५०, म्हणजे पाच महिन्यांची सोय झाली. फक्त ११९वं तुकड्यातुकड्यांनी वाचा. १७६ वचनं आहेत, चहा उतू जाईल!

एकट्याचा नेम टिकत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये आपल्याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो ख्रिस्ताच्या अनुयायांना, बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, एकत्र आणण्यासाठी. तुम्हीही आठवड्यातून एकदा शेजारच्या घराला बोलवा, पेटी काढा, टिळकांचे अभंग म्हणा. एखादा दिवस चुकला तर भरपाईचा उपास नको. दुसऱ्या दिवशी पुढचं स्तोत्र उघडा.